थंडीत झू आणि सोबत चिल्लीपिल्ली: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात म्हटलं होतं की थंडीच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन झूला जाणार असाल तर प्रश्न पाठवा. आलेत बरेच. पाचसहा जणांनी एकसारखंच विचारलंय ते एकत्र केलंय, आणि ज्यांनी नुसतं "जावं की नको" एवढंच विचारलंय त्यांना उत्तर एका शब्दात, जावं. बाकीची पत्रं खाली.

प्रश्न: ताई नमस्कार. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. झूला जायचं ठरवलंय पण आमचे हे म्हणतात थंडीत सगळे प्राणी आत झोपलेले असतात, रिकामे पिंजरे बघायला एवढं लांब कशाला जायचं. खरंय का हे?

उत्तर: अर्धं खरंय. जिराफ, हत्ती, गेंडा अशा उष्ण प्रदेशातल्या मंडळींना कडाक्याच्या थंडीत बाहेर सोडत नाहीत किंवा थोडाच वेळ सोडतात. जिराफाचं बघा ना, लांबलचक पाय, लांबलचक मान, त्यातून उष्णता भराभर निघून जाते, शिवाय जमीन निसरडी झाली असेल आणि तो पाय फाकून पडला तर त्याला उभं करणं महाकठीण, म्हणून कीपर लोक रिस्कच घेत नाहीत. हत्तीचे कान म्हणजे अंगातली उष्णता बाहेर टाकायची सोय, उन्हाळ्यात कामाची आणि गारठ्यात तीच अडचणीची. पण बाहेरचं मैदान रिकामं म्हणजे प्राणी दिसणारच नाही असं नाही हं, बऱ्याच झूमध्ये त्यांची आतली घरं लोकांना बघायला उघडी असतात आणि तिथे तुम्ही मैदानापेक्षा कितीतरी जवळ उभे राहता, जिराफाची काळपट जांभळी जीभ पोरांना पहिल्यांदा नीट दिसते ती तिथेच. ती जवळजवळ दीड फूट लांब असते, सांगून ठेवा, मुलगा दिवसभर आपली जीभ काढून बघत बसेल.

उरलेलं अर्धं मात्र साफ चूक. हिमबिबट्या, सायबेरियन वाघ, लांडगा, रेड पांडा, याक, रेनडियर यांची खरी मजा थंडीतच. उन्हाळ्यात हीच मंडळी दुपारी कुठल्यातरी झुडपाखाली निपचित पडलेली असतात आणि आपण काचेला नाक लावून "तो बघ, तो बघ, शेपटी हलली" करत बसतो. थंडीत ती फिरतात, उड्या मारतात, एकमेकांच्या मागे लागतात. हिमबिबट्याची शेपूट बघायला विसरू नका, जवळपास अंगाएवढी लांब आणि जाडजूड, झोपताना तो ती चक्क तोंडावर पांघरून घेतो.

अस्वलांबद्दल सगळ्यांचाच गैरसमज असतो की थंडी आली की ती झोपणार. तसं नसतं. आपलं नेहमीचं काळं अस्वल, म्हणजे स्लॉथ बेअर, आणि सन बेअर थंडीत झोपत नाहीत, ध्रुवीय अस्वलांमध्ये फक्त गाभण मादी बिळात जाते, आणि जी अस्वलं झोपतात तीही मुख्यतः खायला मिळत नाही म्हणून झोपतात. झूमध्ये रोज जेवण समोर येतं, मग त्यातली बरीचशी नीट झोपतच नाहीत, नुसती सुस्तावतात. आणि सिंह झोपलेला दिसला तर त्यात थंडीचा काही दोष नाही, तो बाराही महिने दिवसातले सोळा ते वीस तास लोळतच असतो.

वेळेचं एक सांगते. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा म्हणतात ते थंडीत लागू नाही. जरा ऊन चढू द्या, प्राणी उन्हात अंग शेकायला बाहेर येतात, तेव्हा पोचा. निघायच्या आधी एक फोन करून कुठली घरं बंद आहेत, जेवण कधी देतात आणि झू किती वाजता बंद होतो एवढं विचारा, थंडीत वेळा बदललेल्या असतात. आणि ह्यांना सांगा, गर्दी कमी असते. हा मुद्दा बहुतेक नवऱ्यांना पटतो.

प्रश्न: माझं बाळ आठ महिन्यांचं आहे, मोठा तीन वर्षांचा. सासूबाईंचं म्हणणं थंडीत बाळाला बाहेर काढायचंच नाही, सर्दी होते. मी काढणार आहे पण नेमकं किती कपडे घालू कळत नाही, मागच्या वेळी इतकं गुंडाळलं की आत घामाने भिजला होता.

उत्तर: सर्दी होते व्हायरसने, गार हवा लागली म्हणून नाही. उलट दारंखिडक्या बंद केलेल्या खोलीत दहा माणसं शिंकत बसली असतील तिथे ती जास्त पसरते. हे सासूबाईंना सांगताना जरा गोड आवाजात सांगा, कारण त्यांची दुसरी बाजू बरोबर आहे, लहान बाळाच्या अंगातली उष्णता मोठ्यांपेक्षा लवकर जाते. वजनाच्या मानाने त्यांची कातडी जास्त, त्यात डोकं मोठं, म्हणून टोपी हवीच. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा छातीचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, तिथे माझं ऐकू नका.

गंमत अशी की चालत असतो आपण आणि बसलेलं असतं बाळ. स्ट्रोलर ढकलून ढकलून आपल्याला गरम व्हायला लागतं, आपण स्वेटर काढतो आणि आपल्याला वाटतं त्यालाही गरम होत असेल, ते बिचारं तासभर जागचं हललेलं नसतं. म्हणून अंदाज आपल्यावरून नको. बाळाची बोटं गार लागली म्हणून घाबरायचं नाही, ती तशी गार असतातच, मानेच्या मागे कॉलरच्या आत दोन बोटं घालून बघा. तिथे उबदार आणि कोरडं असेल तर सगळं ठीक, ओलसर असेल तर एक कपडा कमी करा, गार असेल तर आत कुठेतरी उबेला न्या.

एक जाडजूड कपडा घालण्यापेक्षा पातळ पातळ तीन घाला, काढता घालता येतात. साधारण हिशोब, तुम्हाला जेवढे लागतात त्यापेक्षा स्ट्रोलरमधल्या बाळाला एक थर जास्त. आतला सुती कपडा घामाने भिजला तर तो अंगाला गार चिकटून बसतो, म्हणून सुक्या कपड्यांचा एक अख्खा सेट सोबत ठेवा, बाळाचाही आणि मोठ्याचाही. मोज्यावर मोजे चढवून बूट घट्ट करू नका, रक्त नीट फिरलं नाही की पाय जास्तच गारठतात. स्ट्रोलरच्या तोंडावर शाल किंवा ब्लँकेट टाकून तो पूर्ण झाकू नका, आत हवा खेळत नाही आणि बाळ दिसत नाही. बेबी कॅरिअरमध्ये घेतलं असेल तर बाळाचं नाक तोंड तुम्हाला मान खाली घातल्यावर दिसलं पाहिजे, जॅकेटची चेन बंद करताना हे विसरायला होतं. आणि गाडीतून जाणार असाल तर फुगीर जॅकेट काढूनच कारसीटमध्ये बसवा. वरून बेल्ट घट्ट दिसतो पण अपघातात जॅकेट दबतं आणि बेल्ट सैल पडतो. आधी बेल्ट लावा आणि जॅकेट वरून उलटं पांघरा.

मागच्या वेळचा घामाचा घोळ बहुतेक आतल्या घरांमुळे झाला असणार. सरपटणाऱ्या प्राण्यांचं घर किंवा ते पक्ष्यांचं दमट जंगल असतं ना, तिथे चांगलंच उकडतं, कारण साप, सरडे, कासवं यांना अंगातली उष्णता बनवता येत नाही, ती बाहेरूनच मिळावी लागते. आपण बाहेरच्या थंडीतून तसेच कपड्यांसकट आत शिरतो, पोरं पंधरा मिनिटांत घामेजतात आणि तशीच परत गारठ्यात. दारातच थांबून जॅकेट, टोपी, ग्लव्हज उतरवा, निघताना परत चढवा. कंटाळवाणं आहे, माहितीये, दोन पोरं असतील तर त्यातच दहा मिनिटं जातात, पण त्याला इलाज नाही. चष्मेवाल्यांनी दारात मिनिटभर उभं राहावं, काचांवर धुकं चढतं आणि पायऱ्या दिसत नाहीत.

आणि शू! थंडीत हातापायांतलं रक्त आत ओढलं जातं आणि लघवी जास्त होते, त्यामुळे तीन वर्षांचा "आत्ताच तर करून आलास" असं असताना परत मागेल. त्याला रागावू नका. आत शिरताना आधी नकाशावर टॉयलेट कुठे कुठे आहेत ते बघा, सिंह कुठे ते नंतर. पाणी मात्र त्यासाठी बंद करायचं नाही, थंडीत तहान जाणवत नाही म्हणून मधूनमधून आठवणीने पाजा, कोमट करून न्या.

मूल थरथरायला लागलं तर सरळ आत उबेला न्या, ओले कपडे बदला, बाकी प्राणी राहू देत. एवढं करूनही ते सुस्त आणि गुंगल्यासारखंच वाटत असेल तर घरी जाऊन बघू म्हणायचं नाही, डॉक्टरकडे.

प्रश्न: एका दिवसात अख्खा झू कसा बघून होईल? प्लॅन करून द्या ना प्लीज, मुलं ३ आणि ६.

उत्तर: होणार नाही आणि करूही नका. सहा वर्षांच्याला दोन प्राणी निवडू द्या, तीनच्याला एक, एक तुम्ही निवडा, झाले चार. वाटेत जे दिसेल ते बोनस. तीन वर्षांचं पोर दोन-अडीच तासांच्या पुढे टिकत नाही, थंडीत त्याहून कमी, आणि त्यातला अर्धा तास ते चिमण्या आणि डबकी बघण्यात घालवणार आहे. घालवू दे. तिकीट वसूल करायच्या नादात "चल चल, अजून पाणघोडा राहिलाय" करत फरफटत नेलेल्या पोरांना संध्याकाळी विचारा काय पाहिलं, "माहीत नाही" म्हणतात.

त्यापेक्षा एका जागी जरा जास्त उभं राहून बघा. हत्तीसमोर दहा मिनिटं काढा, फक्त सोंडेकडे बघत. तो जमिनीवरचं गवत सोंडेने गोळा करतो, थोडं पायाने सारतो, मग जुडी उचलून गुडघ्यावर दोनदा आपटतो, माती झाडतो, आणि मगच तोंडात घालतो. चव आवडली नाही की अर्धं टाकून देतो. सोंडेच्या टोकाला बोटासारखा कोंब असतो, आशियाई हत्तीला एक, आफ्रिकन हत्तीला दोन, समोरच्याला किती आहेत ते मुलांना शोधू द्या. एवढ्या अवाढव्य सोंडेत एकही हाड नाही, सगळे स्नायू, आणि त्याच सोंडेने तो जमिनीवर पडलेली एवढीशी काडीही उचलतो. सहा वर्षांचं पोर हे बघत किती वेळ उभं राहील तुम्हालाच आश्चर्य वाटेल. तीन वर्षांचं तोवर कुंपणाचे खांब मोजत असेल.

फ्लेमिंगो असतील तर एका पायावर उभे दिसतील, थंडीत हमखास. दुसरा पाय पिसांत खुपसून उष्णता वाचवतात, शिवाय त्यांना एका पायावर उभं राहायला फारसा जोरही लावावा लागत नाही. आणि त्यांचा "उलटा वाकणारा गुडघा" खरं तर गुडघा नसून घोटा आहे, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. मुलांना त्यांच्या पायावर दाखवा, लगेच कळतं.

प्रश्न: मुलगी पाच वर्षांची. मागच्या वेळी वाघ काचेजवळून सारखा इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या मारत होता. तिने विचारलं "बाबा, त्याला घरी जायचंय का?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली पण मलाच कसंतरी झालं. आता परत जायचं म्हणतेय. काय सांगू तिला? आणि मुळात न्यावं का?

उत्तर: दादा, या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमच्या मुलीचा आहे, तुमचा नाही.

आधी त्या फेऱ्यांबद्दल. कधीकधी त्यामागे साधं कारण असतं, जेवणाची वेळ झालेली असते, कीपरच्या पावलांचा आवाज ओळखीचा असतो आणि वाघ दाराकडे येरझाऱ्या घालतो. पण तासन्तास त्याच वाटेवर, त्याच ठिकाणी वळण घेत, नजर कुठेच नाही अशा फेऱ्या असतील तर ते चांगलं लक्षण नाही. २००३ साली क्लब आणि मेसन या दोन संशोधकांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं होतं की जे मांसाहारी प्राणी जंगलात फार मोठ्या इलाख्यात फिरतात त्यांच्यातच बंदिवासात अशा फेऱ्या जास्त दिसतात, आणि त्यांची पिल्लंही जास्त दगावतात. यात ध्रुवीय अस्वल सगळ्यात वाईट अवस्थेत होतं. म्हणजे तुमच्या मुलीला जे दिसलं ते खरंच होतं, तिचा गैरसमज वगैरे नाही.

मग काय सांगायचं? खोटं सांगू नका. "नाही गं, तो मजेत आहे" म्हटलं की तिला कळतं की बाबांनी पाहिलंच नाही. मी असं सांगेन, "हा वाघ बहुतेक झूमध्येच जन्मलाय, त्याने जंगल पाहिलेलं नाही, त्याला जंगलात सोडलं तर शिकार कशी करायची ते येणार नाही. पण त्याला चालायला खूप जागा लागते आणि इथे तेवढी नाही, म्हणून तो फेऱ्या मारतो. त्याला कंटाळा येऊ नये म्हणून कीपर काका काय करतात ते आपण शोधूया का?" आणि मग खरंच शोधा. चांगल्या झूमध्ये दिसतं, मांस लपवून ठेवलेलं असतं, खेळायला मोठा बॉल असतो, झाडाच्या खोडाला वेगळाच वास फासलेला असतो, चढायला मचाण, लपायला आडोसा. लपायला जागा आहे की नाही हे मी नेहमी बघते. लोकांना प्राणी दिसावा म्हणून ज्याला लपायला कोपराही ठेवलेला नाही तो पिंजरा माझ्या मते वाईट, मग तो कितीही चकाचक असो.

पिंजरे पूर्वी याहून वाईट होते. कार्ल हागेनबेक नावाच्या जर्मन प्राणीव्यापाऱ्याने १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदक खणून मोकळी मैदानं असलेला झू उघडला, तोवर सिंह म्हणजे लोखंडी गजांमागची एक खोली असंच सगळीकडे होतं. आणि झू नसते तर काही प्राणी आज नसतेच. अरबी ओरिक्स नावाचं पांढरंशुभ्र हरीण, लांब सरळ शिंगांचं, १९७२ पर्यंत जंगलातून पार संपलं होतं. झूमध्ये आणि खाजगी कळपांत जी उरली होती त्यांची पिल्लं वाढवून १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडली. मंगोलियातल्या प्रझेवाल्स्की घोड्याचंही तसंच, १९९२ पासून झूमध्ये जन्मलेले घोडे परत गवताळ रानात. पण म्हणून प्रत्येक पिंजरा समर्थनीय होतो असंही नाही, लोकांना आवडतो म्हणून पांढरा वाघ जवळच्या नात्यात जुळवून जुळवून पैदा करत राहणं हे संवर्धन नाहीच. पांढरा वाघ म्हणजे वेगळी जात नव्हे, एका जनुकातल्या बदलाने रंग फिका झालेला साधाच वाघ, त्याच बदलामुळे त्यांच्यात तिरळेपणा दिसतो, आणि त्या नात्यातल्या जुळवणीमुळे इतर आजारही.

न्यावं का? मी नेईन. पण कुठला झू ते बघून. प्राण्यांकडून सायकल चालवून घेणारे, पैसे घेऊन पिल्लू मांडीवर देऊन फोटो काढणारे, अशांच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न: माकडांसमोर लोक दात विचकतात, काचेवर थापा मारतात, ते बघून माझा चार वर्षांचा मुलगाही तेच करायला लागलाय. ओरडलं तरी ऐकत नाही.

उत्तर: ओरडू नका, कारण सांगा, चार वर्षांच्यांना कारणं भारी आवडतात. माकडांच्या भाषेत दात दाखवणं म्हणजे हसणं नव्हे, बहुतेक वेळा ती भीती असते किंवा धमकी, आणि डोळ्यांत डोळे घालून टक लावून बघणं म्हणजे "ये, होऊन जाऊ दे" असं आव्हान. गोरिलाला तर ते अजिबात खपत नाही. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या झूमध्ये बोकितो नावाचा नर गोरिला खंदक ओलांडून बाहेर आला आणि त्याने एका बाईंना जबर जखमी केलं. त्या आठवड्यातून अनेकदा त्याला भेटायला जायच्या, डोळ्यांत बघून हसायच्या, आणि त्यांना वाटायचं तोही आपल्याकडे बघून हसतो. पुढे तिथल्या एका विमा कंपनीने लोकांना पुठ्ठ्याचे चष्मे वाटले, त्यावर बाजूला बघणारे डोळे छापलेले, म्हणजे गोरिलाला वाटावं समोरचा भलतीकडेच बघतोय. मुलाला ही चष्म्याची गोष्ट सांगा, आणि माकडांसमोर तिरकं बघायचा खेळ खेळा. थापा आपोआप थांबतील, थांबल्या नाहीत तर तिथून उचला आणि पुढे चला, वाद नको.

प्रश्न: सगळ्यांसमोर कासवांचं "ते" चालू होतं आणि माझ्या मुलाने मोठ्याने विचारलं की हे काय करतायत. मी मेले लाजेने.

उत्तर: "पिल्लं व्हावीत म्हणून" एवढं सांगा आणि त्याच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघा, तो बहुतेक "आपल्याला खाऊ कधी" असाच असतो. मोठी कासवं त्यावेळी चांगला मोठा आवाजही काढतात, तेव्हा लपवायच्या भानगडीत पडू नका, सगळ्यांनाच ऐकू येतं.

प्रश्न: दोन जुळी मुलं आहेत, पाच वर्षांची, दोन दिशांना पळतात. हरवण्याची फार भीती वाटते.

उत्तर: थंडीत ही भीती जरा जास्तच रास्त आहे, कारण सगळी पोरं जॅकेट आणि टोपीत मागून एकसारखी दिसतात. भडक रंगाची टोपी घाला, दोघांना दोन वेगळ्या रंगांच्या. गेटवर पोचल्यावर दोघांचा त्याच कपड्यांत एक फोटो मोबाईलवर काढा, हरवलं तर "निळं... नाही हिरवं जॅकेट" असली गडबड होत नाही. तुमचा फोन नंबर पेनाने मनगटावर लिहा, जॅकेटवर नको, जॅकेट ते कुठेतरी काढून टाकतील. नाव मात्र बाहेरून दिसेल असं लिहू नका.

आत शिरताना कर्मचाऱ्यांचा युनिफॉर्म कसा आहे ते दाखवून ठेवा आणि एकच नियम पाठ करून घ्या, आई दिसत नसेल तर जिथे आहेस तिथेच उभं राहायचं आणि जोरात तुझं आणि आईचं नाव घेऊन हाक मारायची. "आई" म्हणून हाक मारली तर तिथल्या सगळ्याच आया वळून बघणार. युनिफॉर्मवालं कोणी दिसत नसेल तर सोबत लहान मुलं असलेल्या बाईंना सांगायचं. जुळ्यांपैकी एक हरवलं तर दुसऱ्याला शोधायला पाठवू नका, हे सांगायची गरज नसावी, पण घाबरलं की माणूस काहीही करतं. आणि हो, दोन मोठी माणसं असतील तर कोण कोणाला सांभाळतंय हे तोंडाने बोलून ठरवा. "मला वाटलं तुझ्याकडे आहे" हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं.

प्रश्न: शेळ्या मेंढ्यांना हात लावायला देतात तिथे दोन वर्षांच्या मुलीला नेऊ का? सॅनिटायझर आहे माझ्याकडे.

उत्तर: नेऊ शकता, पण सॅनिटायझरच्या भरवशावर नाही. शेळ्या, मेंढ्या, वासरं दिसायला अगदी ठणठणीत असली तरी त्यांच्या शेणातून काही ई कोलाय जंतू येऊ शकतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्यातून जुलाब, क्वचित किडनीचा गंभीर त्रास होऊ शकतो. हाताला माती शेण लागलेलं असेल तर सॅनिटायझर नीट काम करत नाही, साबण आणि वाहतं पाणी हवं, नखांच्या आतपर्यंत. पाणी गार असतं म्हणून थंडीत पोरं बोटं भिजवून पळतात, तिथे तुम्ही उभे राहा. आत असताना खाऊ नाही, पाण्याची बाटली नाही, तोंडात चोखणी नाही, आणि खाली पडलेलं खेळणं बॅगेत वेगळ्या पिशवीत. ग्लव्हजनी प्राण्यांना हात लावला आणि मग त्याच ग्लव्हजनी नाक पुसलं, हे थंडीतलं खास. ग्लव्हज काढूनच हात लावू द्या, हात धुता येतात. दोन तीन दिवसांनी पोटात दुखून जुलाब लागले, त्यात रक्त दिसलं, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा की प्राण्यांना हात लावला होता.

प्रश्न: काचेतून आणि जाळीतून फोटो चांगले येतच नाहीत.

उत्तर: फ्लॅश बंद, मोबाईल काचेला जवळजवळ टेकवायचा, गडद जॅकेटच्या बाहीने आडोसा करायचा की मागचं प्रतिबिंब जातं. जाळी असेल तर कुंपण परवानगी देईल तितकं जवळ जाऊन झूम करा, प्राणी जाळीपासून लांब असताना काढा, जाळी पुसट होते. थंडीत मोबाईलची बॅटरी झटकन उतरते, आतल्या खिशात ठेवा. आणि दोनचार फोटो झाले की बास, पोरीला तुमचा चेहराही दिसू दे.

प्रश्न: माझ्या पाच वर्षांच्या मुलाला प्राण्यांमध्ये इंटरेस्ट नाही, त्यांच्या शीमध्ये आहे. काय करू?

उत्तर: काही करू नका, याहून चांगला विषय नाही. हत्तीपासून सुरू करा, तो खाल्लेल्यातलं निम्म्याच्या आसपासच पचवतो म्हणून त्याच्या लिदीत अख्ख्या काड्या आणि गवत दिसतं, लांबूनही. थंडीत तिच्यातून वाफ निघताना दिसली तर तुमचा दिवस सार्थकी. गेंडा पुन्हा पुन्हा ठरलेल्या जागी ढीग लावतो, आणि त्या वासावरून दुसऱ्या गेंड्याला कळतं की इथे कोण येऊन गेलं, नर की मादी. स्लॉथ (वरचं स्लॉथ बेअर नव्हे, झाडावर राहणारा संथ प्राणी) झाडावरून साधारण आठवड्यातून एकदाच त्या कामासाठी खाली उतरतो, बाकी सगळं झाडावर लटकूनच. आणि ऑस्ट्रेलियातला वॉम्बॅट चक्क चौकोनी ठोकळे टाकतो, त्याच्या आतड्याची भिंत काही ठिकाणी कडक आणि काही ठिकाणी लवचिक असते त्यामुळे तसा आकार येतो.

पाणघोड्याकडे शेवटी जा. तो शी करताना आखूड शेपूट पंख्यासारखी गरागरा फिरवतो आणि सगळं चहूकडे उडवतो. मुलाला पुढे उभं राहायचं असेल तर राहू दे, पण पाणघोडा पाण्याबाहेर असेल आणि त्याने तुमच्याकडे पाठ फिरवली तर दोघंही मागे सरका. जॅकेट धुवायला निघतं, पण वास जायला वेळ लागतो.